घारीची फळी

४ फेब्रुवारी
आजपासून सबस्टेशनचा जैवविविधता समन्वयक मी. काम सोपं आहे. ट्रान्सफॉर्मरजवळच्या लोखंडी चौकटीत घार घरटं बांधते, काड्यांबरोबर तारांचे तुकडे आणते, मग लाइन ट्रिप होते. गेल्या वर्षी एक घार जळालीसुद्धा. म्हणून कुंपणाबाहेर वेगळा खांब आणि त्यावर फळी. घार तिकडे जाईल. न जायला काय झालं?
वायरमन म्हणाले, फळी लावा आणि विसरून जा. अनुभव आहे, पण दृष्टी नाही.

९ फेब्रुवारी, सकाळी ७
फळी लागली.

सकाळी ७.२०
अजून घार नाही.

११ फेब्रुवारी
फळीचं तोंड पूर्वेला केलं. संध्याकाळी परत होतं तसं केलं.

१५ फेब्रुवारी
घार फळीवर बसली. चोचीत काडी. नीट बघायला शिडी लावून चढलो, तर उडाली. काडी आणायला गेली असणार. एक होतीच, पण एकीने काय होतंय?

२० फेब्रुवारी
घार पुन्हा जुन्या चौकटीत. साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत हलली नाही तर घरटं काढून टाकू आणि समन्वयकही दुसरा बघू. रात्रभर तीच जळालेली घार डोळ्यांसमोर. संकल्प: दुर्बीण दिवसातून एकदाच.

२१ फेब्रुवारी
अकरा वेळा. त्यातल्या चार चुकून.
ही म्हणाली, पाणी उकळायला ठेवलं तरी तुम्ही तीनदा झाकण काढून बघता. विषय काय, ही बोलते काय.

२३ फेब्रुवारी
फळीला हिरवा रंग द्यायला घेतला. कडेपर्यंत पोचलो आणि शिडी सरकली. पाय मुरगळला. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस घरीच. ऐन वेळी खांब वाऱ्यावर.

२४ फेब्रुवारी
सबस्टेशनच्या ऑपरेटरला सहा फोन केले. सातवा त्याने उचलला नाही.

२७ फेब्रुवारी
वायरमनचा फोन. चौकटीतल्या काड्या उचलून घार स्वतःच फळीवर नेतेय. हिरव्या रंगाचा गुण, असं मी म्हणालो. ते हसले की खोकले, कळलं नाही.

४ मार्च
घार फळीवरून उठतच नाही म्हणे. अंडी असणार. डोळे भरून आले. पाय दुखत होता, पण ते पायामुळे नव्हतं.
उद्या हजर होतो. शिडी बाहेर काढून ठेवा म्हणून कळवलं.

५ मार्च, सकाळी ८
बूट घालत होतो, तेवढ्यात साहेबांचा फोन. शिडीला कुलूप लावलंय. पिल्लं उडेपर्यंत माझी रजा वाढवलीय. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, पक्ष्यांच्या हितासाठी.
मी रजा मागितलीच नव्हती.