आत कुणी नसलेलं थडगं

फेब्रुवारीची इड्स, महिन्याचा तेरावा दिवस

पितरांचे नऊ दिवस आजपासून. ओस्टिया बंदराच्या वेशीबाहेर डेकिमसच्या थडग्यावर जाऊन आले. वाइनमध्ये भिजवलेला पाव, मीठ, फुलं ठेवली. लेक माझा आत नाही — जहाजासकट समुद्रानं गिळला. तरी मी तिथंच त्याच्याशी बोलते. वेडी म्हणोत!

मार्चच्या कॅलेंड्सला, म्हणजे एक तारखेला, चौदा दिवस

माझा भाऊ नुमेरियस थडग्याची जमीन विकतोय! वडिलांनी त्याच्याच नावे ठेवली ना. घेणारा ब्लेसस, शेजारचा धोबी. कॅलेंड्सला ताबा. त्याला मुताचे हौद वाढवायचेत. लोकांचे कपडे पांढरे व्हावेत म्हणून माझ्या लेकाच्या डोक्यावर मूत!

कडाकडा भांडले. भाऊ म्हणतो, "ताई, आत हाड असतं तर जागा पितरांची झाली असती. मलाही विकता आली नसती. हाड नाही, राख नाही. रोमच्या कायद्यानं ते नुसते दगड."

घरी येऊन ओरडले — एक हाड द्या रे कुणी! नेब्रिस लोकर विंचरत होती. माझी दासी, डेकिमसची दाई. दोन महिने खोकतेय.

कॅलेंड्सला अकरा दिवस

काही सुचत नाही. रडायचंही बळ नाही.

कॅलेंड्सला नऊ दिवस

नेब्रिस आता अंथरुणावरच आहे. आज हात धरून म्हणाली, "बाई, दासीचं हाड चालतं का हो तिथं?"

खेकसले तिच्यावर. गप पड!

मग कायदेपंडिताकडे गेले. चालतं म्हणे. फक्त जमिनीच्या मालकाची संमती हवी.

ती अजून श्वास घेतेय — आणि मी विचारून आले! थू माझ्यावर.

कॅलेंड्सला पाच दिवस

नेब्रिस गेली.

भावाकडे गेले. ब्लेसस बसलेलाच होता. म्हटलं, म्हातारी गेली, तुझ्या जमिनीत पुरू का?

"पूर गं कुठंही! दासीसाठी मला काय विचारतेस?"

ब्लेसस ताडकन उठला. "अहो, थांबा —" पण शब्द तोंडातून गेला होता.

कॅलेंड्सला चार दिवस

राख ठेवली, वर माती लोटली, दफनविधीची डुकरीण कापली. आता जागा ना भावाची, ना धोब्याची, ना माझी. थडगं वाचलं. आनंद कुठाय? घरात तिचा खोकला नाही.

मार्चची कॅलेंड्स

आज मालकिणींनी दासींना वाढायचा सण. नेब्रिसचं ताट थडग्यावर नेलं. पाथरवट थांबला होता. "हिचं नाव कुठं कोरू? खाली, बारीक?"

म्हटलं, डेकिमसच्या वर. आणि 'दासी' नको. 'आई' कोर.