रंगमंचावरची तू

पिंटीच्या आईस,

मी बरा आहे, आधी हे वाच. खोकला गेला. लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायचं काम आता हाताला बसलंय.

बातमी म्हणजे मी नाटकात आहे. हसू नकोस. आमच्यासारखे बाहेरून आलेले लोक दर रविवारी एका सभागृहात आपापली घर सोडल्याची गोष्ट सांगतात, मागे व्हायोलिन वाजतं. मीही आपली सांगितली. निघताना तू माझ्या बोचक्याला दोरी बांधत करवादलीस, "पोचल्यावर गाठ सोडा, कापू नका. चांगली दोरी आहे."

दिग्दर्शक बाई म्हणाल्या, "एवढंच? रडली नाही?" मग त्यांनी तुझ्या जागी एक नटी उभी केली. ती दर रविवारी माझ्या गळ्यात पडून रडते आणि लोक रुमाल काढतात. आमची ही अशी नाही, असं मी म्हणून पाहिलं. "लोकांना असंच कळतं," बाई म्हणाल्या. इथली भाषा माझी तोडकीमोडकी, भांडणार कसा? मान डोलावली.

पण हल्ली डोळे मिटले की आपल्या दारात ती नटीच दिसते. तुझा आवाज आठवायला जावं, तर व्हायोलिन सुरू होतं.

पिंटीचा दात पडला का? आईचे गुडघे कसे आहेत?

एक कर. त्या दिवशी तू मला काय काय बोललीस, ते सगळं लिहून पाठव. गोड करू नकोस, होतं तसंच लिही.

दोरी मी कापलेली नाही.

तुझी बोलणी खायला आसुसलेला,
पिंटीचा बाबा