नावाआधीचं ‘चि.’

मॉरिसव्हिल, ४ फेब्रुवारी २०२५

चि. राजीव यास,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

लेसोथोला पोचलास, जरा धीर आला. फोनवर तू मला सांभाळून घेतोस, म्हणून हा ईमेल. खरं काय ते लिहूनच कळव. माझा चि. अवधूत दगडांचा अभ्यास करायला गेला आणि त्या आफ्रिकेतल्या डोंगरात गाडीसकट बेपत्ता झाला, एवढंच युनिव्हर्सिटीवाले सांगतात. अरे, माणूस असा कसा नाहीसा होईल? पाय मोडून पडला असेल कुणाच्या तरी झोपडीत. पहिल्यापासून वेंधळाच तो. हे गेल्यावर मला दुसरं आहे कोण?

तिथे गाड्या डावीकडून चालवतात म्हणे. इथे अमेरिकेत, तुमच्या अल्फारेटात हायवेवर घाम फुटतो तुला, तेव्हा घाटात शहाणपणा नको, ड्रायव्हर घे. इकडे चि. अवधूतची गाडी मी रोज सुरू करून ठेवते. बॅटरी उतरली तर आल्या आल्या माझ्यावर डाफरेल. देवळातल्या बायका जेवणाचे डबे घेऊन येतात. मी परत पाठवते. कसल्या घरी डबे आणतात ते मला कळतं!

तुम्हा मामा-भाच्यांवर माया आहेच, दोघे मिळून या.

तुझी,
कांचनताई

मोखोतलाँग, ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ड्रायव्हर घेतला, काळजी नको. रस्ता नुसता मुरमाचा, एकीकडे कडा, एकीकडे दरी. वळणावळणावर घोंगडी पांघरलेले मेंढपाळ भेटतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हसून हात करतात. मी प्रत्येकाला फोटो दाखवत आलो.

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो. एका मेंढपाळाने अवधूतला पाहिलं होतं. पुलावरून पाणी चाललं होतं, म्हणून थांबवायला त्याने हात केला. अवधूतला वाटलं, सगळे करतात तसाच. त्यानेही हसून हात केला आणि गाडी पाण्यात घातली. गाडी खाली खडकांत सापडली, रिकामी. पोलिसांनी नदी पार खालपर्यंत पाहिली, आता शोध थांबवताहेत. माझ्या हातात काही राहिलं नाही गं ताई. अवधूतची टोपी तेवढी मिळाली, ती आणतो.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
राजीव

मॉरिसव्हिल, १० फेब्रुवारी

चि. राजीव यास,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. ‘चि.’ म्हणजे चिरंजीव, जगत राहो. लहानांचं नाव त्याशिवाय लिहायचं नाही, असं आईने आपल्याला बजावलं होतं. तू एकदाही लिहिलं नाहीस. घाईत विसरला असशील म्हणून पुन्हा पुन्हा वाचलं. मग कळलं. ‘चि.’ लिहवेना आणि ‘कै.’ लिहायचा तुला धीर झाला नाही.

हसत गेला म्हणतोस. काय करू त्या हसण्याचं?

आज गाडी सुरू केली नाही. डबा आला, तो घेतला.

आता शोधू नकोस, ये. पुलावर पाणी असेल तर मागे फिर, विमान चुकलं तर चुकू दे. कुणी हात केला तर थांब, राजा. ‘चि.’ लिहायला मला आता तूच उरलास.

तुझी,
कांचनताई