फलटणची तबकडी

सातारा,
मार्गशीर्ष वद्य नवमी, शके १८६५

तात्या, तुम्हांला आणि अनसूयावहिनींना माझा वाकून नमस्कार. (वाकताना पाठीतली उसण पुन्हा उठली, तेव्हा तो अर्धाच पोचला असला तरी पुरा धरावा.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमची अर्धशिशी कशी आहे? बरी असेल तर हे पत्र वाचून उलटेल, आणि उलटलेलीच असेल तर आणखी काय व्हायचं राहिलंय! वहिनींना सुंठ उगाळून ठेवायला सांगा. गोदावरी बरी आहे. तिची धाकटी बहीण, म्हणजे तुम्ही दिवाळीपासून आमच्याकडे धाडलेली उमा, तीही बरी आहे. ती आत्ता शेजारच्या बनुबाईंकडे हळद कांडायला गेली आहे म्हणूनच मी लिहायला बसलो. तिला यातलं अवाक्षर कळता कामा नये ही तुमची सक्त ताकीद मी तंतोतंत पाळतो आहे.

तुम्ही सोपवलेली कामगिरी फसली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच आशेनं पुढचं वाचायला नको. तबकडी फलटणलाच आहे आणि तिथंच राहणार.

आता तुम्ही कपाळाला हात लावाल आणि म्हणाल, गंगाधररावांना एक काम धड जमेल तर शपथ. पण तात्या, दुखण्याचं मूळ तुमच्या घरातलं आहे, माझ्या नव्हे. पाच वर्षांपूर्वी मिरजेला ती रेकॉर्ड कंपनीची माणसं यंत्र घेऊन उतरली, तेव्हा तुमच्या वडिलांनी, नानांनी, हौसेनं उमाला तिथं नेऊन गायला बसवलं. पोर पंधरा वर्षांची. घरंदाज मुलीचं नाव बाजारात नको म्हणून तबकडीवर नुसतं ‘एक हौशी गायिका’ छापायचं ठरलं, आणि कंपनीनं इमानानं तेवढंच छापलं. पण गाणं संपल्यावर यंत्र अजून चालू आहे हे त्या पोरीला कुठलं कळायला! कोपऱ्यात छत्री धरून बसलेल्या तुम्हांला तिनं विचारलं, ‘तात्या, जमलं का?’ तेही मेणात उतरलं. जो कोणी ती तबकडी शेवटपर्यंत वाजवील त्याला ते ऐकू येतं. (तुमचं उत्तर त्यात नाही. ते मेणापर्यंत पोचलं नाही की तुम्ही दिलंच नाही, ते तुम्हांलाच ठाऊक.) नाना गेले, तबकडी राहिली, आणि आता उमाचं फलटणच्या भास्करराव सबनीस वकिलांच्या शरच्चंद्राशी जमत आलं. याद्या करायला तुम्ही तिकडं गेलात. मुलीनं सासरी गाणंबजावणं करायचं नाही ही त्यांची अट तुम्ही चहा निवायच्या आत कबूल केलीत. उमाला विचारण्याचा प्रश्न नव्हता, मला विचारण्याचा तर त्याहून नव्हता. आणि तेवढ्यात, पाहुण्यांची करमणूक म्हणून भास्कररावांनी फोनोवर नेमकी तीच तबकडी चढवली! गाणं संपत आलं तशी तुम्ही पोटात कळ आल्याचं सोंग करून ती थांबवलीत, हे वहिनींनी गोदावरीला कळवलं आहे. (सोंग उत्तम वठलं म्हणे. त्या लोकांनी तुम्हांला ओवा दिला.)

मग तुमचा हुकूम सुटला. या मुलखात त्या तबकडीच्या जेवढ्या प्रती असतील तेवढ्या गोळा करायच्या आणि बंबात घालायच्या, कारण भास्कररावांना सुगावा लागला तर लग्न मोडेल. आणि कामगिरी कुणावर? जावयावर! लोकांकडे जावई दिवाळसणाला जातात, मी तबकड्या हुडकत हिंडतो. मला गाण्याच्या तबकड्यांचा नाद आहे हे मी नाकारत नाही. कोर्टात दिवसभर दुसऱ्यांच्या भांडणांच्या नकला उतरवल्यावर संध्याकाळी एखादा खरा सूर कानावर पडला नाही तर मला अन्न गोड लागत नाही. पण या नादात सुख म्हणाल तर काही उरलेलं नाही. लढाईमुळे नव्या तबकड्या येत नाहीत, जुन्या झिजत चालल्या, सुया तर औषधाला मिळत नाहीत. मी बाभळीचे काटे तासून लावतो. (गोदावरी म्हणते, संसारात होते तेवढे पुरले नाहीत वाटतं.)

आष्ट्याची प्रत तुम्हांला ठाऊकच आहे. तिथल्या अंबूबाईंनी फोनो कधीच मोडीत काढला होता आणि तबकडी दुधाच्या पातेल्यावर झाकायच्या. ‘मदी भोक हाय न्हवं, वाफ जाती, दूध उतू जात न्हाई,’ असं त्यांनी मला समजावलं. तापून तापून तिचा द्रोण झाला होता. ती जाळायची गरज नव्हती, तरी तुमच्या समाधानासाठी जाळली. माधवनगरच्या गिरणीतल्या जॉबरकडून, म्हणजे मुकादमाकडून, मात्र कोरी करकरीत प्रत मिळाली. तिच्या बदल्यात मी माझी जिवापलीकडची दरबारीची तबकडी देऊन बसलो. ती कोरी प्रत मी अजून जाळलेली नाही. बंबाला सध्या जळण ओलं आहे.

आता फलटणचं. मी असा बेत केला की आपण तबकड्यांचे शौकीन म्हणून भास्कररावांकडे जायचं, चांगल्या चार तबकड्या पुढं करायच्या आणि बदल्यात ती एक मागायची. तेव्हा हातात धरून नेण्याजोगा पेटीतला फोनो घेतला, तबकड्यांची चवड घेतली, आणि माधवनगरची प्रतही बरोबर घेतली, कारण घरी ठेवली आणि उमाच्या हाती लागली तर काय घ्या! सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी, म्हणजे चालण्याऐवजी खोकणारी. आदर्कीच्या चढाला ड्रायव्हरनं सगळ्यांना उतरून ढकलायला लावलं. माझी उसण तिथली. वर पोचलो तर पोलीस उभे. गेल्या सालच्या ‘चले जाव’च्या धामधुमीपासून आपल्या जिल्ह्यात कुलूपवाली काळी पेटी घेऊन हिंडणाऱ्या माणसाकडे ते कोणत्या नजरेनं बघतात हे तुम्हां सांगलीच्या संस्थानी लोकांना कळायचं नाही. हवालदार हंबीरराव म्हणून होते, मिशा अशा की मी न सांगताच पेटी खाली ठेवली. पेटीत काय हाय, म्हणाले. गाणं आहे म्हटलं. मग वाजवा की, म्हणाले.

घाईघाईत हाताला लागली ती तबकडी चढवली आणि चावी दिली. लागली उमाचीच. तात्या, त्या उजाड चढावर, वाऱ्यात, मोटारीच्या धुरात, उमाचा जोगिया असा काही उभा राहिला की मागे बसलेली कोंबडीवालीसुद्धा गप्प झाली. हंबीररावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि डोळे मिटले. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात शेवट आला. ‘तात्या, जमलं का?’

हवालदारांचे डोळे खाडकन उघडले. ‘ह्यो तात्या कोन? आन् काय जमवाया सांगितलंय त्येनं?’

मी परोपरीनं सांगितलं की हा तात्या म्हणजे निरुपद्रवी माणूस, त्याला अर्धशिशी आहे, त्याच्या हातून आजवर काहीही जमलेलं नाही. (तुमच्या बचावासाठी बोललो, राग मानू नये.) तरी त्यांनी टिपून घेतलं. कुटं असतोय, म्हणाले, आणि माझ्या तोंडून सांगली निसटलं. आडनाव मात्र सांगितलं नाही. तेव्हा कुणी खाकी कपड्यातला माणूस तुमच्या गल्लीत तात्यांची चौकशी करत आला तर घाबरू नका, गल्लीत तात्या पुष्कळ आहेत. जाताना हंबीररावांनी तबकडी पुन्यांदा लावायला सांगितली. कायद्यासाठी नव्हे. ‘गळा लय ग्वाड हाय पोरीचा,’ एवढंच म्हणाले आणि मोटार सोडली.

फलटणला पोचेपर्यंत अंधार पडला. भास्कररावांनी फार आगतस्वागत केलं, जेवायला घातलं, ठेवून घेतलं. माणूस गोड आहे हो. तोच तर घोळ आहे. वाईट असता तर मला किती सोपं गेलं असतं! सकाळी मी उठलो तेव्हा त्यांची आंघोळ झाली होती, कपाळाला गंध होतं, आणि ते पाटावर बसून फोनोला चावी देत होते. देवपूजेच्या आधी हे रोज, असं त्यांची मंडळी म्हणाली. उमा गायला लागली. भास्करराव मान हलवीनात की वाहवा म्हणेनात, नुसते ऐकत बसले. शेवटी तो प्रश्न आला. आणि तात्या, वकिलीत केस पिकवलेला तो माणूस त्या कर्ण्याकडे तोंड करून म्हणाला, ‘जमलं हो बाळ. फार सुरेख जमलं.’

रोज म्हणतात. मला म्हणाले, हसू नका, पण मी बोललो नाही तर पोर विचारतच राहील. मी कुठला हसतो! मी माझ्या चार तबकड्या पुढं केल्या, मग सगळी चवड केली, मग फोनोसकट सगळं देतो म्हटलं. ते म्हणाले, अहो, घरचं माणूस कुणी बदल्यात देतं का? मग तबकडी पुसत म्हणाले, कोण असेल हो ही? आता लग्न झालं असेल. सासरची माणसं गाऊ देत असतील ना हिला?

मी पोह्यांत तोंड घातलं. धीर करून एवढंच विचारलं, की मग तुमच्या सुनेला गायची मनाई कशी? तर ते सहज म्हणाले, छे, छे, आपल्या घरातल्या बायकांनी गायचं नसतं, गाणं ऐकावं ते तबकडीवर. बोलण्यात दुष्टपणा म्हणाल तर मुळीच नाही. आंघोळीनंतर सोवळं नेसावं तितक्या सहज म्हणाले. मला रडू आलं. मिरची लागली म्हणून सांगितलं.

तेव्हा तबकडी आणली नाही. आणि सुगावा लागण्याची भीती आता तुम्ही सोडा. तो माणूस रोज त्या मुलीशी बोलतो, पण ती मुलगी आपल्याच घरात येऊ शकते हे त्याच्या स्वप्नातसुद्धा येणार नाही. लग्न ठरल्याप्रमाणे निर्विघ्न पार पडेल. रोज सकाळी त्या घरात उमा गाईल, आणि रोज सकाळी उमाच आत चूल फुंकत ते ऐकेल. बाहेर सासरा तबकडीला शाबासकी देईल आणि आतल्या पोरीनं गुणगुणायचंसुद्धा नाही. मला हे सोसवत नाही तात्या, स्पष्ट लिहितो. पण मी पडलो बाहेरचा माणूस. माझं काही म्हणणं नाही. स्थळ चांगलं आहे, मुलगा पदवीधर आहे, तुम्ही थोरले आहात, तुम्ही ठरवलंत ते ठरलं. मुहूर्त कळवा, मी अक्षता घेऊन येईन आणि कोपऱ्यात उभा राहीन. आमचं लक्ष सदा तुमच्या प्रकृतीकडे आहे.

तुमचा,
गंगाधर

ता. क. – सांगलीत सुया मिळत असतील तर एक डबी पाठवावी. या पत्राचा खरा हेतू तेवढाच समजावा.

आणखी ता. क. – वरची ओळ लिहून पाणी प्यायला उठलो तेवढ्यात उमा हळद कांडून परत आली आणि तिनं सगळं पत्र वाचलं. मी हिसकावून घ्यायला हवं होतं, पण उसण भरलेली. तिचं म्हणणं, तो जोगिया नव्हे, रामकली आहे, इतकी वर्षं तबकड्या ऐकून भावजींना एवढंही कळत नाही. गाण्याच्या मनाईची अट तिला आज या पत्रातून कळली. ती रडेल म्हणून गोदावरी धावत आली, पण रडली नाही. हळदीनं पिवळे झालेले हात तसेच घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, ते खरंच रोज उत्तर देतात? मी हो म्हटलं. ‘मग बरंच आहे की,’ म्हणाली. ‘त्यांना तबकडी पुरते. मी कशाला जाऊ?’

शेवटचा ता. क. – हे पत्र पोस्टानं येत नाही. बनुबाई मिरजेला माहेरी निघाल्या आहेत, त्यांच्या सोबतीनं मी उमाला सातारा रोड स्टेशनवर गाडीत बसवून देतो आहे. पत्र तिच्याच हाती आहे. ‘मला फलटणला जायचं नाही’, हे थोरल्या भावाच्या तोंडावर सांगण्याची छाती तिला नाही, आणि मला तर ती कधीच नव्हती, म्हणून एवढं पाल्हाळ लावलं. तात्या, मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. भास्कररावांना नकार कळवा. लोक काय म्हणतील ते मी ऐकून घेईन, मला ऐकायची सवय आहे. आणि तिला आधी खाली बसायला सांगा. तुम्ही वाचायला घेतल्यापासून ती तुमच्यासमोर उभी असेल, आणि पत्र फार लांबलं आहे.