आपल्या घराचं एक मत

प्रिय नवरोबा, म्हणजेच पालक संघाचे माननीय अध्यक्ष,

एकाच घरात राहून पत्र कसलं लिहितेस, म्हणून हसशील. हस. तोंडी बोलायला गेले की तू विषय चेष्टेवारी नेतोस आणि मीच वेडी ठरते, म्हणून लिहिते आहे.

त्या दिवशी सभेत शाळेच्या नव्या कमानीला संघाची सगळी शिल्लक द्यायचा ठराव आला. तू हात वर केलास. मी विरोध करायला उभी राहिले, तर माइकवरून म्हणालास की एका घराचं एकच मत आणि आमचं पडलं, बाकीचं घरी ऐकून घेईन. सभागृह खदखदून हसलं. मी खाली बसले. बाहेर पडताना शेजारच्या शिंपीणबाईंनी माझा दंड दाबला. त्यांच्या घराचं मतही त्यांच्या नवऱ्यानंच दिलं होतं. मला तुझा फार राग आला. अजून आहे.

कमान छान दिसेल, नाही कोण म्हणतं? पण तू लेकीला फाटकापाशी सोडून परत फिरतोस. मुलींच्या स्वच्छतागृहापर्यंत मी गेले आहे. दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही. लेक पाण्याची बाटली भरून नेते आणि तशीच भरलेली परत आणते. मध्यंतरी तिला आलेला ताप उन्हाचा, असं म्हणून तू मोकळा झालास. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पोर लघवी रोखून धरते, त्यातून झालंय. बाबांना सांगू नकोस, लाज वाटते, असं तिनं मला बजावलं होतं. आज तीच म्हणाली, सांग.

मोठा खर्च दुसऱ्या सभेत कायम करावा लागतो, हा नियम तूच आणलास. ती सभा उद्या आहे. एका घराचं एकच मत, हेही मान्य. पण ते घराचं, घरातल्या पुरुषाचं नव्हे. म्हणून तू दुकानात असताना आम्ही स्वयंपाकघरात सभा भरवली. तुझ्या आईंनी कमानीविरुद्ध दोन्ही हात वर केले, आम्ही एकच धरला. लेकीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग केला. तुझं मत कमानीलाच, असं धरूनही ठराव पडला. तेव्हा उद्या आपल्या घराचा हात विरोधात वर जाईल. तुझा गेला तर मला आनंदच आहे. नाहीतर माझा जाईल, आणि या वेळी मी खाली बसणार नाही.

तुझीच, पण विरोधात,
घरची बाई