एनिडच्या पताका

१४, बार्कर टेरेस, हॅलिफॅक्स
२१ मे १९७७

प्रिय नोरा,
स. न. वि. वि.

तू स्कारबरोला नीट पोचल्याचं कार्ड मिळालं. एनिडच्या अंत्यविधीला तू आलीस आणि इतके दिवस राहिलीस, त्याबद्दल आभार मानायला हवेत. स्टेशनावर मला ते जमलं नाही, म्हणून इथे मानतो. बायको गेलेल्या माणसाला बहिणीशी कसं बोलावं, हे आपल्या घरात कुणी शिकवलं नाही.

मी बरा आहे. जेवतो. फक्त बसवत नाही. खुर्चीत टेकलो की वाटतं काहीतरी राहिलं आहे, म्हणून उठतो. मग काय राहिलं ते आठवत नाही. काल तलावापर्यंत चालत गेलो, परत आलो, कोट काढला आणि पुन्हा घातला. दिवसभर मागच्या स्वयंपाकघरातच असतो. ये-जाही मागच्या दारानेच, नेहमीसारखी.

शेजारी चांगले आहेत, असं म्हणायला हवं. समोरच्या मिसेस क्लेगनी मागच्या पायरीवर ताटलीत मटणाची भाजलेली तंगडी ठेवली होती, वर कापड झाकून. दार वाजवलं नाही. मी ताटली धुऊन त्यांच्या मागच्या पायरीवर ठेवून आलो. मीही वाजवलं नाही. परवा दुकानात भेटल्या तेव्हा म्हणाल्या की मे महिना म्हणावा तर हवा फारच गार आहे. मी म्हटलं, आहे खरी. एवढंच.

राणीला गादीवर येऊन पंचवीस वर्षं झाल्याच्या सोहळ्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. खालच्या रस्त्यांवर झेंडे लागलेत. आपल्या गल्लीत एक चिंधी नाही. सात जूनला गल्लीचं जेवण करायचं म्हणून एनिडने वर्षभर सगळ्यांच्या मागे तगादा लावला होता, हे तुला माहीत आहेच. तिच्या समितीचं काय झालं कुणास ठाऊक. विचारणं बरं दिसत नाही.

प्रकृतीला जप. लोभ आहे तेवढा राहू दे, जास्त मागत नाही.

तुझा भाऊ,
विल्फ


सी व्ह्यू, स्कारबरो
२५ मे १९७७

चि. विल्फ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सासष्टीच्या माणसाला चिरंजीव म्हणताना मलाच हसू येतं, पण तू धाकटा तो धाकटाच. तुझं पत्र वाचलं. त्यातलं "मी बरा आहे" हे वाक्य मी पेन्सिलीने खोडून टाकलं आहे. बाकी पत्र ठीक आहे.

विचारणं बरं दिसत नाही म्हणे! अरे, तुला विचारायचं आहे आणि त्यांना सांगायचं आहे, आणि तुम्ही सगळे हवेबद्दल बोलताय. बाबा असेच होते. जुना राजा गेला तेव्हा रेडिओवर अंत्ययात्रा चालू असताना बाबांनी स्वयंपाकघरात उभं राहून टोपी काढली होती, आठवतं? जन्मभर राजेलोकांना शिव्या घालणारा माणूस! आईने विचारलं तर म्हणाले, डोकं खाजतंय. आणि यात्रा संपेपर्यंत खाजवत उभे राहिले.

इथे माझ्या गेस्टहाऊसात लेस्टरचं एक जोडपं उतरलं आहे. नवरा रोज नाश्त्याला राणीच्या खर्चावर भाषण देतो. बायको ऐकून घेते आणि मला स्वयंपाकघरात येऊन सांगते की तुम्ही मनावर घेऊ नका, यांनीच आमच्या दारावर लावायला सर्वांत मोठा झेंडा आणून ठेवलाय. या देशात कुणाला काय वाटतं ते त्याच्या तोंडून कधी कळायचं नाही. त्याच्या दाराखिडक्यांकडे बघावं लागतं.

एनिडच्या जेवणाचा तपास कर. तिचा जीव होता त्यात. आणि ते बिनसाखरेचं काळं पाणी पिऊ नकोस, चहात दूध घाल.

माझी माया समुद्राच्या हवेने गंजत नाही, हे ध्यानात ठेव.

तुझी,
नोरा


बार्कर टेरेस
२९ मे १९७७

प्रिय नोरा,
स. न. वि. वि.

तपास लागला, पण मी केला नाही. खाटीक ऑग्डेन बोलून गेला. सात तारखेच्या जेवणाचं हॅम प्रार्थनागृहाच्या हॉलमध्ये पोचवायचं आहे म्हणाला. मी विचारलं, हॉलमध्ये कशाला? तर सुरीकडे बघत म्हणाला की यंदा गल्लीत बरं नाही दिसायचं, मिस्टर हार्डकासल, सगळ्यांनी तसं ठरवलंय. मग मला दोन सॉसेज जास्त दिले आणि पैसे घेईना.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. हॉल! एनिडला हॉल अजिबात नको होता. त्यावरून तिचं आणि मिसेस क्लेगचं हिवाळाभर वाजलं होतं. मिसेस क्लेगचं म्हणणं, पाऊस आला तर जेलीचं काय? एनिडचं म्हणणं, हॉलमध्ये गेलं की जो तो आपल्या माणसांच्या टेबलाला बसतो. टेबलं रस्त्याच्या मधोमध, दगडांवरच हवीत, एकाला एक जोडून, म्हणजे कुणाला कुणापासून लांब बसता येणार नाही. शेवटी मिसेस क्लेगनीच हात टेकले. आणि आता एनिडला जाऊन महिनाही झाला नाही, तर हॉल ठरला.

तू म्हणशील, तुला काय त्याचं, तू तर राणीला मानत नाहीस. नाहीच मानत. आपल्या बाबांना गिरणीच्या फाटकाबाहेर कामासाठी उभं राहिलेलं मी पाहिलं आहे. त्या वर्षीही कुणाचा तरी सोहळाच चालू होता. राणीबाईंशी माझं भांडण नाही. त्या माझ्याशी कधी बोललेल्या नाहीत. पण त्यांच्या नावाने उठून उभं राहायचं मला जमत नाही. प्रत्येक समारंभात राणीच्या नावाने पेला उंचावला की सगळे उठतात, मी बसून राहतो आणि एनिड टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारते. पंचवीस वर्षं हे असंच चाललं. ती स्वतः उभी राहून, चेहऱ्यावर हसू ठेवून, एका पायावर तोल सांभाळत लाथ मारायची. तुला हे माहीत नसेल.

तिलाही राणीचं फार होतं असं नाही. मागे एकदा मी तिला चिडवलं, तुझ्या पताका बघायला काय त्या बाई येणार आहेत का? तर ती म्हणाली, या गल्लीतली माणसं दोनदाच एकमेकांच्या दारात येतात, कुठे आग लागली की, नाहीतर राजवाड्यात काही झालं की. आग मला लावता येत नाही, विल्फ्रेड, म्हणून राणी.

पताका तिने पूर्ण केल्या होत्या. मोठं खोकं भरून. माझे पट्ट्यांचे पायजमे, तिचा निळा पोशाख, तू दिलेला टेबलक्लॉथ, सगळं कापून त्रिकोण केले. आमच्या वरच्या खिडकीपासून समोर क्लेगांच्या खिडकीपर्यंत, मग तिथून पुढच्या घराला, अशा नागमोडी लावायच्या होत्या. त्या कुणी मागितल्या नाहीत. आपण होऊन नेऊन द्याव्यात तर वाटतं, त्यांना नको असतील. खोकं पुढच्या खोलीत शिवणयंत्राशेजारी आहे. मी तिकडे जात नाही. तिची शवपेटी तिथेच ठेवली होती ना, त्या दिवशी.

रात्री झोप लागते. सकाळीच त्रास होतो. घरात काहीतरी व्हायचं राहिलं आहे असं वाटतं, चहा होईपर्यंत.

फार लिहिलं. कंटाळली असशील तर क्षमा असावी, आणि लोभ कमी करू नये.

तुझा,
विल्फ


सी व्ह्यू, स्कारबरो
१ जून १९७७

चि. विल्फ,
आशीर्वाद अनेक.

पाहुण्यांची अंडी उकडायला ठेवून लिहिते आहे, तेव्हा सरळ विचारते. तुमच्या पुढच्या खोलीचे पडदे रोज सकाळी कोण उघडायचं?

एनिड. उठल्यावर पहिलं काम. मी तिथे असताना पाहिलं आहे. केसांना चिमटे तसेच, आणि पडदे मात्र दोन्ही बाजूंना सारखे. ती गेली तेव्हा आपण ते ओढून बंद केले. सगळ्या गल्लीने आपापले ओढले, गल्लीत कुणी गेलं की तसंच करायचं असतं. अंत्ययात्रा गेली आणि बाकीच्यांनी आपले उघडले. तुझे कुणी उघडले? मी उघडले नाहीत. मला वाटलं तू उघडशील. तू तर मागच्या दाराने जातोस, मागच्या दाराने येतोस, स्वयंपाकघरात बसतोस, आणि तुझ्याच घराचं तोंड तू महिनाभर पाहिलेलं नाहीस.

विल्फ, ते पडदे अजून बंद आहेत.

आता समोरच्या बाजूने बघ. मिसेस क्लेग रोज सकाळी खिडकी उघडते आणि तिला काय दिसतं? गल्लीच्या मधोमध एक घर पडदे ओढून बसलं आहे. आमचं दुःख चालू आहे, दूर राहा, असं. जन्म त्या गल्लीत गेलेली बाई. तुझ्या त्या खिडकीखाली जेली मांडून, कागदी टोप्या घालून ती गाणी म्हणेल? त्यांनी एनिडला टाकलं नाही रे. ते तुला जपताहेत. आणि तू त्यांना जपतो आहेस. असंच एकमेकांना जपत राहिलात तर ते जेवण हॉलमध्ये जाईल, एनिडचं खोकं तिथेच राहील आणि तुम्ही सगळे वर्षानुवर्षं हवेबद्दल बोलत राहाल.

मी येऊन उघडले असते, पण खोल्या भरल्या आहेत. आणि खरं सांगायचं तर खोल्या रिकाम्या असत्या तरी आले नसते. ते तूच करायला हवं. त्या खोलीत जाणं सोपं नाही, ते मला कळतं. माझा हॅरी गेल्यावर मी त्याच्या कोटाच्या खुंटीसमोरून डोळे मिटून जायची आणि एकदा जिन्यावरून पडले.

अंडी करपली. ती काही करपायची वस्तू नाही, पण मी ते करून दाखवलं.

माझी सगळी माया या खेपेला त्या पडद्यांपाशी पाठवते आहे.

नोरा


बार्कर टेरेस
८ जून १९७७

प्रिय नोरा,
स. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. वाचलं आणि बाहेर गेलो. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा गल्लीच्या पुढच्या बाजूने चालत आलो आणि समोरच्या फरसबंदीवर उभं राहून आमचं घर पाहिलं. तू म्हणालीस तसंच होतं. सगळ्या रांगेत एकच डोळा मिटलेला.

लगेच आत जाऊन उघडले असं लिहिता आलं असतं तर बरं होतं. शनिवारी दाराच्या मुठीला हात लावला आणि माझ्या भाजीच्या मळ्यात जाऊन कांद्यांना पाणी घातलं. पाऊस पडत होता. रविवारी तेच. सोमवारी, म्हणजे जेवणाच्या आदल्या दिवशी, सकाळी उठलो तेव्हा तीच ती भावना, काहीतरी व्हायचं राहिलं आहे. आणि या वेळी ते काय आहे हे मला ठाऊक होतं. पडद्यांच्या कड्या सरकल्याचा आवाज. रोज मी त्या आवाजाने उठायचो. चहा ठेवायच्याही आधी आत गेलो. खोलीत फुलांचा वास अजून होता. मी इकडेतिकडे पाहिलं नाही. सरळ खिडकीपाशी जाऊन दोन्ही बाजू सारून उघडल्या. डावी जरा जास्त गेली, ती सारखी केली.

किटलीला वाफ धरायच्या आत दार वाजलं. पुढचं दार, नोरा! त्या दाराने डॉक्टर, नवरी आणि पेटी याशिवाय कधी कुणी आलं-गेलं नाही. बिजागरी इतकी गंजली होती की मला खांदा लावावा लागला. बाहेर मिसेस क्लेग, केसांना रुमाल बांधलेल्या. म्हणाल्या, उद्या पाऊस थांबेल असं रेडिओवर सांगतायत. मी म्हटलं, बघू. मग म्हणाल्या की तुमच्याकडे हातोडी असेल का? नोरा, त्या बाईचा नवरा सुतार आहे. मी हातोडी दिली. ती हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि मग मी म्हणालो की एक खोकंही आहे, जड आहे, दोघं लागतील.

त्यांनी झाकण उघडलं, वरचा निळा त्रिकोण बोटांनी चाचपला, आणि म्हणाल्या की बाईने शिवण किती घट्ट घातली आहे, जेलीला पाऊस लागला तर मी त्या बाईला कधी माफ करणार नाही. मग तिथेच एनिडच्या शिवणयंत्राच्या स्टुलावर बसून रडल्या. मी चहा केला. दूध घालून.

दुपारपर्यंत हॉलमधली टेबलं गल्लीत आली. कशी, कुणाच्या सांगण्यावरून, मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ऑग्डेनने शिडी धरली. माझे पायजमे आता साऱ्या गल्लीवर फडकताहेत. तरुण मिसेस प्रायर म्हणाली की पायजम्यांतला एवढा पुरुष एकदम डोक्यावर लोंबकळताना तिने पाहिला नव्हता, आणि तिच्या सासूने तिला डोळे वटारले.

काल जेवण झालं. भुरभुर होती, गारठा होता, कागदी टोप्यांचा रंग सगळ्यांच्या कपाळावर उतरला. जेली वाचली. म्हातारा स्टॅन्सफील्ड, ज्याच्याशी मी कुंपणाच्या भांडणावरून बोलणं सोडलं होतं, माझ्या कोपराला कोपर लावून बसला, कारण दुसरीकडे बसायला जागाच नव्हती. सँडविच पुढे करताना म्हणाला, कांदे कसे आहेत. म्हटलं, पाणी जास्त झालं.

शेवटी मिसेस क्लेगनी राणीच्या नावाने पेला उंचावला. सगळी गल्ली उठली. खुर्च्या दगडांवर खरखरल्या. मी बसून राहिलो. ठरवून नाही, बसलोच होतो. क्षणभर सगळे माझ्याकडे पाहत राहिले आणि मला वाटलं, आता यांना राग येणार. पण टेबलाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत सगळ्यांचे चेहरे सैल झाले, जणू इतके दिवस तोंडं आवळून वाट बघत होते. मिसेस क्लेग मोठ्याने म्हणाल्या, झालं, हार्डकासल बरा झाला. सगळे हसले, आणि मग राणीच्या नावाने प्यायले.

मीही हसलो. पण टेबलाखाली, नोरा, मी पाय जरा पुढे केला होता. नेहमीच्या जागी. सगळे परत बसेपर्यंत तो तसाच ठेवला.

आज सकाळी पडदे उघडले. पताका ओल्या आहेत. वाळल्या की उतरवायच्या म्हणतात, पण कुणाला घाई दिसत नाही.

तुझ्या मायेची पोच इथे देतो. माझीही तिकडे आहे, फक्त ती मागच्या दाराने येते.

तुझा भाऊ,
विल्फ