सही झाल्यानंतरचं वाक्य

सोमवार, १६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं बाबांकडून कळलं. आता तुला बारीक टाइप पुन्हा दिसायला लागला असेल, तेव्हा प्रूफवाल्यांची धडगत नाही. गुडघे कसे आहेत?

चार वर्षांनी लिहितेय ते शेखी मिरवायला. आधी तेवढं मिरवून घेऊ दे. मी संपादित केलेल्या पुस्तकाला यंदाचा पहिल्या पुस्तकासाठीचा पुरस्कार मिळाला! लेखिका निवृत्त नर्स, एकतीस वर्षं एकाच वॉर्डात. आम्ही सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणतो. त्यांनी हस्तलिखित आणलं ते जुन्या तापाच्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहून, आठशे पानं. त्यातून मी दोनशे चाळीस पानांचं पुस्तक काढलं. अकरा महिने लागले. प्रत्येक प्रसंगाची चिठ्ठी करून फरशीवर मांडायची, आणि मी एखादी उचलली की सिस्टरबाई म्हणायच्या, "त्याला नको गं काढू, फार भला माणूस होता." असे सत्तर-ऐंशी भले लोक मी काढले आणि प्रत्येक वेळी त्यांना कारण सांगितलं. पटलं की त्या समासात सही करायच्या. ही शिस्त तुझ्या हाताखाली, तुझ्याच टेबलावर शिकलेली आहे.

आणि हो, मी एकटी पडले नाही. "घरी बसून संपादन करणार? भिंतींशी बोलशील," असं म्हणाली होतीस ना? आम्ही तेरा जण आहोत. कादंबरीवाले, कोशवाले, मुलांच्या पुस्तकांवाले, सगळे आपापल्या घरून काम करणारे. महिन्याच्या पहिल्या रविवारी एका बाइंडरच्या कारखान्यावरच्या खोलीत जमतो. खुर्च्या नऊच आहेत, बाकीचे कागदाच्या गठ्ठ्यांवर बसतात.

आमच्यात एक रीत आहे. त्या महिन्यात आपण बिघडवलेलं एक पान मोठ्यानं वाचायचं. आधी लेखकाचं, मग आपलं. सारवासारव करायची नाही आणि इतरांनी समजूत काढायची नाही. वाचून झालं की चहा. पाककृतींची पुस्तकं करणाऱ्या एकानं मागे एकदा वाचलं. लेखिकेनं लिहिलं होतं, "एवढं करूनही पीठ सैल झालं तर आईला फोन करा," आणि या शहाण्यानं ते काढून तिथे ग्रॅम घातले. आम्ही हसून हसून बेजार झालो, पण त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मी मात्र दोन वर्षं तिथे फुटकळ पापंच वाचत आले.

सिस्टरबाईंच्या पुस्तकातलं एक वाक्य तुझ्याही कानावर आलं असेल. "मृत्यू खाट रिकामी करतो, वॉर्ड नाही." प्रत्येक परीक्षणात ते आलं. प्रकाशकांनी बुकमार्कवर छापलं. एका डॉक्टरनं दवाखान्यात फ्रेम करून लावलं. कुणी ते म्हणून दाखवलं की मी बाजूला उभी राहून गालातल्या गालात हसायची.

आता तू चष्मा कपाळावर सरकवला असशील. हो, माझंच आहे ते.

नुसतं माझं असतं तरी एक वेळ चाललं असतं. सिस्टरबाईंनी शेवटच्या प्रुफावर सही केली, आणि दुसऱ्या दिवशी मी पान एकशे बारावरची त्यांची वाक्यं काढून हे घातलं. त्यांना विचारलं नाही. वेळ नव्हता, असं स्वतःला सांगत आले. वेळ होता, अख्खा दिवस होता. त्या नको म्हणतील याची भीती होती.

पुरस्कार जाहीर झाल्यावर त्यांचा फोन आला. "अगं, मानपत्रात ते वाक्य घेतलंय म्हणे. मला ते पाठच होत नाही. माझ्याच पुस्तकातलं वाक्य मला कसं पाठ होत नाही?" छापलेल्या पुस्तकात ते पाहून त्या गप्प बसल्या होत्या, कारण त्यांना वाटलं, आपणच सही करताना नीट वाचलं नसेल. आत्या, त्यांनी स्वतःला दोष दिला होता.

त्या रविवारी मी पान एकशे बारा वाचलं. आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ, ज्यांना आम्ही खोडरबर म्हणतो, त्यांनी एवढंच विचारलं, "सहीच्या आधी की नंतर?"

"नंतर."

"मग इथे वाचून भागणार नाही. त्यांच्यापुढे वाच." त्या दिवशी चहाला कुणी उठलं नाही.

मी तशीच सिस्टरबाईंच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी पुस्तक उघडून ते पान पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "तुझं छान आहे गं. पण त्यात मी कुठे आहे?" दुसऱ्या दिवशी प्रकाशकांकडे गेले. ते ओरडलेच, "बाई, पुस्तक त्या वाक्यावर चाललंय!" मी म्हटलं, दुसऱ्या आवृत्तीत ते राहिलं तर मी स्वतः पेपरात पत्र लिहीन. धुसफुसले, पण ऐकलं.

परवा समारंभ झाला. मानपत्र वाचून झाल्यावर सिस्टरबाई माइकपाशी आल्या. म्हणाल्या, "यातलं वाक्य माझं नाही, माझ्या संपादिकेचं आहे. तिनं ते मला न विचारता घातलं आणि मग स्वतः येऊन सांगितलं. पुस्तक तिनंच घडवलंय. पण त्या दिवशी काय झालं ते मी वाचते." आणि वाचलं: "दुपारी दोनला आठ नंबर गेले. मी चादर बदलली. नवीन पेशंट आले, त्यांना विचारलं, उशी एक लागते की दोन?"

समोर आठशे लोक बसले होते. माझे कान तापले होते, जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. आणि तरी सांगते, इतकी पुस्तकं केली, पण इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. त्या बाईचा, त्यांच्या त्या उशीचा. मागे आमचे बाराही जण उभे होते. बाहेर पडताना खोडरबरांनी माझ्या हातात चहाचा कप दिला.

आता ज्यासाठी हे पत्र, ते. चार वर्षांपूर्वी तू एका प्रस्तावनेत माझं घुसडलेलं वाक्य पकडलंस आणि म्हणालीस, "लोकांच्या घरात आपला फोटो टांगू नये." त्यावर मी काय बोलले ते तू बाबांनाही सांगितलं नाहीस. "तुला जन्मात स्वतःचं एक वाक्य लिहिता आलं नाही, म्हणून जळतेस." तू चाळीस वर्षं लोकांची वाक्यं जपलीस, आणि मी त्याला हे नाव दिलं. पिशवी उचलून निघाले तेव्हा तू प्रूफ वाचत होतीस, पण पान उलटत नव्हतीस. मला ते दिसलं होतं.

दुसऱ्या आवृत्तीची पहिली प्रत सोबत आहे. पान एकशे बारा नक्की बघ.

आत्या, मी चुकले. या चार वर्षांत माझं म्हणावं असं हे एवढं एकच वाक्य लिहिलंय, आणि त्यावर सही करतेय.

तुझी भाची